वळिवड्याचे पाणी

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला गांधीनगरची आठवण होत नाही असे घडत नाही. पोरांचे सदरे, पोरींची परकराची कापडे, चादरी, पडदे, लुगडी, जे हवे ते घाऊक भावाने मिळण्याची ती पेठ. सिंधी दुकानदार गादीवर बसून अस्सल कोल्हापुरी मराठीत गिऱ्हाइकाला चहा पाजतो आणि गिऱ्हाईक चार गाठोडी घेऊन घरी जाते. या घासाघिशीत आपण कोणत्या जमिनीवर उभे आहोत याचा विचार कोण करतो? करण्याचे कारणही नाही. परंतु याच जमिनीवर १९४३ ते १९४८ या काळात पोलंड देशातली सुमारे पाच हजार माणसे राहत होती. त्यांत पुरुष थोडे. बायका आणि मुलेच फार. तेव्हा या जागेला गांधीनगर हे नाव नव्हते. जवळच्या गावावरून तिला वळिवडे कँप म्हणत. पंचगंगा तेथून जवळच वाहते.

मी पेशाने शाळामास्तर. दुसऱ्या महायुद्धाचा धडा शिकवताना फळ्यावर सनावळी मांडतो, हिटलर आणि स्टालिन यांची नावे लिहितो आणि मुले ती उतरवून घेतात. एकदा धडा लवकर संपला म्हणून मी या वळिवड्याची हकीकत सांगू लागलो. कामरगावच्या मुलांना कोल्हापूरही परमुलूखच. मग पोलंडची काय कथा! नकाशावर बोट फिरवीत मी त्या मुलांना पोलंडातून सैबेरियात, तिथून इराणात आणि इराणातून कोल्हापुरास आणले. सारा वर्ग ऐकत होता. मधल्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, मग एवढ्या वाटेत ते पाणी कुठलं पीत होते?”

वऱ्हाडातल्या पोरीलाच सुचावा असा हा प्रश्न. चैत्र उजाडला की पहाटे अर्धवट झोपेत गुंड घेऊन विहिरीवर नंबर लावणारी ही मुले. पाणी म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. मी तिला त्या दिवशी थोडेबहुत सांगितले. मग घरी येऊन पोलिश लोकांच्या आठवणींच्या आधारे जे काही लिहिले गेले आहे ते पुन्हा वाचून काढले, ते मात्र तिचा प्रश्न मनात धरून. आणि मला असे दिसले की मोठ्यांच्या निर्वासितपणाचा इतिहास तहनाम्यांत आणि सरहद्दींत सापडतो. पण पोरांच्या निर्वासितपणाचा इतिहास लिहायचा तर तो पाण्याचाच लिहावा लागेल.

पोलंडवर १ सप्टेंबर १९३९ रोजी पश्चिमेकडून जर्मनी चालून गेला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशिया. पूर्वेचा भाग रशियाच्या ताब्यात आला. तेथल्या ज्या ज्या पोलिश कुटुंबांवर नव्या सरकारचा वहीम होता, ती उचलून दूर नेऊन टाकायची असे ठरले. पहिली उचल १० फेब्रुवारी १९४० ची. रात्री दारावर धक्के, अर्ध्या तासात सामान बांधायचे, घसरगाडीतून स्थानकावर जायचे. दुसरी एप्रिलात, तिसरी जूनमध्ये आणि चौथी पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. रशियाच्याच कागदपत्रांप्रमाणे ही माणसे तीन लाखांवर भरतात.

मालगाडीच्या डब्यात फळ्यांचे माळे, मध्ये एक लोखंडी शेगडी आणि विधीसाठी जमिनीला पाडलेले एक भोक. दार बाहेरून बंद. असे दोन दोन, तीन तीन आठवडे. भाकरी मिळे कधी, न मिळे कधी. पण माणूस भुकेवर दिवस काढतो, तहानेवर काढीत नाही. डब्याच्या खिळ्यांवर आणि पट्ट्यांवर आतल्या माणसांच्या श्वासाचाच बर्फ जमे, तो मुले नखांनी खरवडून चोखीत. फटीतून डबा दोरीने खाली सोडून रुळाकडेचे बर्फ वर ओढीत. बर्फ वितळले की भांडेभर बर्फाचे ओंजळभर पाणी होते, आणि त्यात रुळावरचा कोळसाही असतो.

रशियाच्या रेल्वेची मात्र एक जुनी चांगली सोय होती. मोठ्या स्थानकांवर प्रवाशांच्या चहासाठी उकळत्या पाण्याचा नळ असे. त्या पाण्याला ते लोक ‘किप्यातोक’ म्हणतात. गाडी थांबली आणि पहारेकऱ्याच्या मनात आले, तर डब्यातल्या एकदोघांना बादली घेऊन त्या नळापर्यंत जाऊ देत. गाडी सुटायच्या आत परत यायचे. बादली घेऊन गेलेला माणूस मागे राहिला तर मुलांना आई किंवा बाप पुन्हा दिसेल याची खात्री नाही. या लोकांच्या आठवणींत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. रशियन भाषा विसरलेली माणसेही म्हातारपणी हा एक शब्द विसरली नव्हती.

कादंबरीकाराला अशा ठिकाणी मोह होतो. एखादी नऊ वर्षांची, सोनेरी वेण्यांची पोर कल्पावी, तिच्या हाती बादली द्यावी आणि वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणावे. तो मोह मी आवरतो आहे. इथे कल्पून दिलेली बादली शोभणार नाही.

कोणी उत्तरेकडे आर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकूड तोडायला गेले, कोणी सैबेरियात, आणि एप्रिलच्या उचलीतल्या बायका-मुले बहुतेक कझाकस्तानच्या माळरानावर. तिथे झाड नाही. मग चूल पेटवायची कशाने? शेण गोळा करून, थापून, वाळवून! शहरात वाढलेल्या, मोजे-टोप्या घालून प्रार्थनेला जाणाऱ्या त्या बायका गुरांच्या मागे शेणासाठी फिरू लागल्या. आपल्याकडची कोणतीही म्हातारी त्यांना दोन दिवसांत उत्तम गोवऱ्या थापायला शिकवती. पण या गोवरीचे महत्त्व नुसत्या भाकरीपुरते नव्हते. सरपण आहे तर पाणी उकळेल, आणि पाणी उकळेल तर पोर जगेल, असा तो हिशेब होता. तो पुढे उझबेकिस्तानात फार महागात कळला.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि रात्रीतून शत्रूचा शत्रू मित्र झाला. ३० जुलैला लंडनमध्ये रशिया आणि परागंदा पोलिश सरकार यांच्यात करार झाला. ज्यांनी काही गुन्हाच केला नव्हता त्यांना ‘माफी’ मिळाली. जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहू लागली. फौज दक्षिणेकडे, मध्य आशियात हलली, तशी सुटलेली कुटुंबे तिच्या मागे निघाली. फौजेजवळ अन्न असेल, औषध असेल, देशाबाहेर जायची वाट असेल, एवढीच आशा. थंडीतून उन्हात आलो, आता जगलो, असे त्यांना वाटले.

आणि मुले खरी मेली ती इथे. बर्फाने मारली नव्हती तितकी पाण्याने मारली. ताश्कंद-समरकंदकडच्या त्या मुलखात शेतीला पाणी देणारे पाट गावागावातून जातात. त्यांना ‘आरीक’ म्हणतात. त्याच पाटात जनावर पाणी पिते, कपडे धुतले जातात आणि खालच्या गावात तेच पाणी पिण्याला भरतात. तिथल्या लोकांची रीत चहाची, म्हणजे पाणी उकळूनच पोटात जायचे. वाटेने आलेल्या निर्वासिताजवळ ना चहा, ना सरपण, ना भांडे. तहानलेले पोर पाटावर पालथे पडून तोंड लावते, त्याला कोणती आई अडवील? हगवण, विषमज्वर आणि उवांमुळे येणारा टायफस यांनी माणसे पटापट गेली. गुझार या गावी फौजेने अनाथ मुलांसाठी तळ उघडला होता. तिथे आणलेली मुले तंबूत आणि बाहेर भराभर दगावली. त्या जागेला पोलिश लोक मृत्यूची दरी म्हणतात. आईबाप दोन्ही गेलेली मुले कोणी फौजेच्या दाराशी आणून सोडी. कित्येक आयांनी तर स्वतः जिवंत असताना मुलाला ‘अनाथ’ म्हणून दिले, कारण अनाथाला आधी बाहेर काढतील असे ऐकले होते.

बाहेर काढणे सुरू झाले १९४२ च्या मार्चअखेर, आणि दुसऱ्या खेपेला ऑगस्टमध्ये. क्रास्नोवोद्स्क बंदरातून कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदराला. तेलाची, कोळशाची जहाजे, डेकवर उभे राहायला जागा नाही, आजारी माणसे पायाशी पडलेली, आणि चहूकडे पाणीच पाणी – पण खारट. सुमारे एक लाख पंधरा हजार माणसे अशी इराणात उतरली. त्यांत सुमारे अठरा हजार मुले होती.

पहलवीच्या वाळूवर त्यांचे कपडे जाळण्यात आले, डोकी भादरली, साबण देऊन गरम पाण्याखाली उभे केले. तारेच्या कुंपणाने वाळूचे दोन भाग केले होते, अलीकडे न न्हालेली आणि पलीकडे न्हालेली माणसे. दोन वर्षांत पहिल्यांदा अंगावर स्वच्छ पाणी पडले. आणि तरीही तिथे माणसे मेली. रिकाम्या आतड्यांना भरपूर चरबीचे मटण आणि भात सोसला नाही, जुनी हगवण उलटली. त्या बंदराचे नाव पुढे बदलले, आता त्याला अंजली म्हणतात. तिथल्या स्मशानात सहाशेहून अधिक पोलिश कबरी आहेत.

इतक्या माणसांना ठेवायचे कुठे? युद्ध चालू होते. कोणी आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिकोत, सातशेवर मुले न्यूझीलंडला. हिंदुस्थानाने तर याच्या आधीच दार उघडले होते. मुंबईच्या पोलिश वकिलातीच्या खटपटीने मोटारट्रकांचा एक तांडा खुष्कीने जाऊन अश्काबादहून अनाथ मुले घेऊन आला. ती काही दिवस मुंबईत वांद्र्याला राहिली आणि मग नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे समुद्रकाठी त्यांच्यासाठी छावणी बांधून दिली. जामसाहेबांचे पोलंडात अजून नाव आहे, वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे. ते योग्यच आहे. मात्र बालाचडीपेक्षा कितीतरी मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत होती आणि तिच्याविषयी आपण महाराष्ट्रीय फारसे बोलत नाही. बढाई मारण्यात आपण मागे नसतो. मग खरी बढाई मारण्याजोगी गोष्ट कशी विसरलो, कोण जाणे.

कराचीहून, मुंबईहून गाड्या भरून माणसे येऊ लागली. वळिवड्याला बराकी बांधून तयार होत्या. लांबच लांब, कौलारू, पुढे ओटा असलेल्या. कुटुंबाला स्वतःची खोली आणि स्वतःची चूल. दोन-तीन वर्षे जे लोक शेकड्यांनी एका छपराखाली निजले, त्यांना ‘आपले दार’ मिळाले. शाळा निघाल्या, बालवाडीपासून मॅट्रिकच्या पुढपर्यंत, सगळे शिक्षण पोलिश भाषेत. दवाखाना, प्रार्थनामंदिर, नाटकाचा रंगमंच, बालवीरांची पथके. कँपचे प्रमुख कॅप्टन यागिएवोविच. बाजारात आपले लोक दुकाने मांडून बसत आणि बघता बघता पोलिश बोलू लागत. भाजीवाला आणि बांगडीवाला यांना व्याकरण लागत नाही. लागते ते गिऱ्हाईक.

त्या काळच्या वर्णनांत एक गोष्ट ठळक आहे. बराकीपुढे प्रत्येकीने फुलांची बाग केली होती. वाचताना मी इथे थबकलो. ज्या आईने दोन वर्षांपूर्वी पोराच्या ओठांना लावण्यासाठी रुळाकडेचे बर्फ ओढले, ती आता फुलझाडांना पाणी घालते आहे. कोल्हापूरने या लोकांना काय दिले असा हिशेब मांडायचा झाला, तर बराकी आणि शाळा मी खाली लिहीन. वर लिहीन ते हे, की इथे पाणी उरत होते. पिऊन, न्हाऊन, धुऊन झाल्यावर झाडाला घालण्याइतके उरत होते. सह्याद्रीवर पावसाळा कोसळतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या मिळून पंचगंगा होते आणि पोट भरून वाहते. यातल्या भोगावतीवर शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाला हात घातला होता, तो दुष्काळ ओळखूनच. कझाकस्तानच्या माळावरून आलेल्या पोराने पहिला मृग या खोऱ्यात पाहिला असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल, हे आमच्या वऱ्हाडातल्या पोरांना विचारावे.

सगळे गोडच होते असे नाही. उन्हाळा त्यांना सोसत नसे. वाटेतून शरीरात घेऊन आलेली दुखणी सगळीच बरी झाली नाहीत. कोल्हापुरात पोलिश लोकांचे लहानसे स्मशान आहे. आणि मोठ्या माणसांच्या उरावर दुसराच धोंडा होता. १९४५ साली युद्ध संपले तेव्हा त्यांचा मुलूख रशियाच्या नकाशात गेला होता. दोस्तांच्या बाजूने लढून, जिंकून, ते हरले. घरी जा म्हणावे तर घर उरले नव्हते. मुलांना त्याचे ओझे तितके नव्हते. त्यांतल्या धाकट्यांना तर पंचगंगेचा काठ हाच गाव वाटत होता. १९४७-४८ मध्ये कँप रिकामा होत गेला. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला, अमेरिकेला, थोडे पोलंडला परत. पुढे लंडनमध्ये त्यांनी ‘हिंदुस्थानातले पोलिश’ म्हणून आपली मंडळी जमवली, आठवणींचा ग्रंथ काढला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक उभे राहिले. २०१९ च्या सप्टेंबरात, या छावणीत वाढलेली, ऐंशी-नव्वदीला आलेली काही माणसे पुन्हा वळिवड्याला येऊन गेली.

एका घरातले बिऱ्हाड हलले की दुसरे येते, पण इथे बिऱ्हाडही त्याच जातीचे आले. पोलिश कुटुंबे अजून पुरती गेली नव्हती तोच देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून हिंदू कुटुंबे कराची सोडून बोटींनी मुंबईला उतरू लागली. मुंबईला जागा नव्हती. कल्याणजवळच्या लष्करी तळांत सुमारे लाखभर माणसे कोंबली गेली. तिथेच १९४९ च्या ऑगस्टात गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर झाले. आणि एक लोंढा वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत आला. सिंधूच्या काठचा माणूस पंचगंगेच्या काठी येऊन बसला. त्याच ओट्यांवर वेगळ्या भाषेतल्या आया वेगळ्या भाषेतल्या मुलांना हाका मारू लागल्या. महात्माजींचे नाव वसाहतीला दिले गेले. या दोन्ही लोकांत मला एक फरक दिसतो. पोलिश माणूस परत जाण्याच्या तयारीने राहिला आणि परत जाता आले नाही म्हणून दुसरीकडे गेला. सिंधी माणसाने पहिल्याच दिवशी ओळखले की परत जायचे नाही. म्हणून तो डोक्यावर गाठोडे घेऊन दारोदार कापड विकू लागला आणि आज कोल्हापूर त्याच्या दारी जाते.

उझबेकिस्तानच्या पाटाकाठी जे मूल हगवणीने मेले, ते मरायलाच हवे होते काय? त्या मुलीच्या प्रश्नाचा मागोवा घेताना हाही प्रश्न मला छळीत राहिला. त्याचे उत्तर तीस वर्षांनी, आणखी एका निर्वासितांच्या लोंढ्यातच मिळाले. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे आपल्या देशात आली. पावसाळा तोंडावर, तळ चिखलात, पिण्याचे पाणी आणि घाणीचे पाणी एक झालेले. पटकी सुरू झाली. बनगावच्या दवाखान्यात जमिनीवर रोगी पडले होते. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करवून, त्या पिण्याच्या पाण्यात विरघळवून, ते पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. आई पाजील तितके पाजू द्या, म्हणाले. साखरेच्या आधाराने मीठ आणि पाणी आतड्यातून शरीरात शिरते, हे शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत कळले होते. पण एवढ्या गर्दीत, डॉक्टराशिवाय, आयांच्या हातून ते होईल यावर मोठमोठ्यांचा विश्वास नव्हता. जिथे शंभरांतले तीस मरत, तिथे मरणारे चारांच्या आत आले. आज प्रत्येक आरोग्यसेविकेच्या पिशवीत जी पुडी असते ती हीच. डॉक्टर २०२२ साली वारले. पद्मविभूषण त्यांना त्यानंतर, २०२३ साली मिळाले. सरकारी वेळापत्रक, दुसरे काय!

पूर्व बंगालच्या निर्वासितांची गावे आपल्या विदर्भातही, जुन्या चांदा जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला वसवलेली आहेत. तिथली मुले आज मराठी शाळांत शिकतात. त्यांच्या आज्यांनी कोणते पाणी पिऊन दिवस काढले, ते विचारून लिहून ठेवणारा कोणी शिक्षक तिथे असावा अशी माझी इच्छा आहे.

राहिली पंचगंगा. ती अजून वळिवड्याजवळून वाहते. वरच्या गावांचे आणि शहराचे सांडपाणी, कारखान्यांची मळी पोटात घेते आणि खाली इचलकरंजीकडे जाते. उन्हाळ्यात कधी कधी तिच्यावर मेलेले मासे तरंगतात. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत पाण्यातून पसरणाऱ्या काविळीची साथ आली, हजारो माणसे आजारी पडली आणि काही दगावली. ती माणसे निर्वासित नव्हती. आपापल्या घरात, आपापल्या नळाला तोंड लावून ती आजारी पडली होती. साथ आली तेव्हा घरोघर पातेली चुलीवर चढली आणि नगरपालिका सांगू लागली, पाणी उकळून प्या.